दोन वेण्या आणि आठ बोटं

३ मार्च

बारक्या,

अनेक आशीर्वाद. तुला नातवंडं झाली तरी मी बारक्याच म्हणणार, तक्रार चालणार नाही.

तुझं पत्र मिळालं. "या उन्हाळ्यात घरी येतो, तुतीच्या झाडाखाली बसून चहा पिऊ," असं ऐटीत लिहिलंयस. अरे, झाडापर्यंत जाणार कसा? उडत? मागच्या रानात कमरेएवढं गवत माजलंय, त्यात काटेरी झुडपं. पायवाट कुठून जायची हे आता फक्त मला आणि सशांना माहीत. गेल्या वर्षी मला कापणी जमली नाही. दुसरी कामं निघाली.

तेव्हा आता असं ठरलंय. आधी रान कापलं जाईल, मग तू यायचं. त्याच्या आधी आलास तर फाटकातूनच परत पाठवीन. मला ओळखतोस.

रान मीच कापणार. भाड्यानं माणूस लावणार नाही. शेजारणीनं लावला होता, त्यानं गवताबरोबर तिच्या गुलाबांची अख्खी रांग साफ केली आणि वर म्हणाला, आता कसं मोकळं वाटतं! आपला म्हातारा अजून सुरू होतो. खोकतो, धूर ओकतो, पहिल्या हाकेला ओ देत नाही, पण बाबांचा ट्रॅक्टर आहे, शेवटी उठतोच. त्याच्या मागे जोडायचं ते गोल फिरणाऱ्या पात्यांचं यंत्र हवंय, रोटरी कटर. तू जन्म अवजारांच्या दुकानात काढलास. रिटायर झालास तरी तिथं तुझा शब्द चालतो म्हणतात. मग बहिणीच्या कामी ये. मोठं धूड नको, हलक्या कामाचं बघ. मलाही सध्या हलकंच काम चालतं.

आणि फोन करू नकोस. फोनवर तू "हं हं" करतोस आणि मग सगळं उलटं लिहून घेतोस. कागदावर लिही.

ताई


१२ मार्च

ताई,

वाकून नमस्कार. गुडघे वाकत नाहीत, म्हणून मनातल्या मनात वाकलो.

तुझं पत्र हातात घेऊन मी घरभर फिरलो. बायको म्हणाली, "लॉटरी लागली की काय?" म्हटलं, त्याहून मोठं झालंय, ताईनं मला सल्ला विचारलाय! सायकलची चेन कशी बसवायची इथपासून लग्नाला कोणता कोट घालायचा इथपर्यंत सगळं तूच मला सांगत आलीस. आज पहिल्यांदा गाडी उलटी चालली. तेव्हा आता मी पुरेपूर भाव खाणार आहे, सहन कर.

हलक्या कामाचं कटर म्हणजे कमकुवत कटर, असं बहुतेक गिऱ्हाइकांना वाटतं. तसं नसतं. मी दुकानात काय करायचो, गिऱ्हाईक आलं की आधी त्याला अंगठा दाखवायचो. दोनचार जण चिडून निघूनही गेले. पण विचारायचं एवढंच असायचं, की तुमच्या रानातलं सगळ्यात जाड खोड या अंगठ्याएवढं आहे की मनगटाएवढं? अंगठ्याएवढं असेल तर हलकं पुरतं. मनगटाएवढं असेल तर जड घ्यावं लागतं, आणि जड ओढायला ट्रॅक्टरही तसा लागतो. आपल्या म्हाताऱ्याची ताकद पंचवीस हॉर्सपॉवर. त्यातले पाचसहा घोडे आता लंगडत असतील. त्याच्या मागे जड कटर लावलंस तर मागचं उचलताना पुढची चाकं हवेत जातील, आणि तू आकाश बघत बसशील.

आणखी एक. म्हाताऱ्याच्या मागचा फिरता दांडा कटरच्या गिअरबॉक्सला जोडतात, तिथे एक बोल्ट असतो. तो मुद्दाम कच्चा केलेला असतो. पातं दगडावर किंवा बुंध्यावर आपटलं की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. लोक काय करतात, सारखा तुटतो म्हणून वैतागून तिथे पक्का बोल्ट ठोकतात. मग बोल्ट शाबूत राहतो आणि गिअरबॉक्सचे तुकडे होतात. तू हे करणार, मला खात्री आहे. करू नकोस. बोल्ट तुटला की तुटू द्यायचा, खाली उतरायचं, पाणी प्यायचं, नवा बसवायचा.

आता मला काय हवंय ते सांगतो. म्हाताऱ्याच्या मागच्या चाकांचं माप पाठव, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. कटर तेवढं रुंद हवं, नाहीतर चाकांखाली झोपलेलं गवत तसंच राहतं. मागच्या फाटकाचं माप पाठव, म्हणजे कटर आत तरी जाईल. आणि अंगठा की मनगट, तेही कळव.

तुती अजून तशीच आहे का? तिच्या खालच्या फांदीवर बसून आपले दात जांभळे व्हायचे, आणि आई "तोंड उघड" म्हणायची. मी लगेच उघडायचो. तू ओठ घट्ट मिटून मान हलवायचीस. मार मात्र दोघांना सारखाच मिळायचा.

बारक्या


२५ मार्च

बारक्या,

एका कटरवर केवढं पुराण! गिऱ्हाइकं पळून जायची त्यात नवल नाही.

अंगठा. एकदोन खोडं दोन अंगठ्यांएवढी आहेत, ती मी कोयत्यानं बघून घेईन. म्हणजे सावकाश, जमेल तशी.

टेप शोधला, नेहमीप्रमाणे हरवलाय. या घरात टेप कधी टिकलाय? मग म्हटलं, बाबांचं माप आहेच की. वेणीनं मोजलं. म्हाताऱ्याची मागची चाकं, बाहेरून बाहेर, दोन वेण्या. फाटक दोन वेण्या आणि आठ बोटं. दोनदा मोजलंय, तेव्हा शंका काढू नकोस. धरायला कोणी लागलं नाही, टोक खिळ्याला अडकवलं आणि मोजलं.

तुती आहे. लांबून दिसते. परवा खिडकीत बसले होते तर वाटलं, खालच्या फांदीवर पाय हलवत कोणीतरी बसलंय. पाखरू होतं. मग उगाच बराच वेळ तिथेच बसून राहिले. हल्ली मी बसते बरं का, तुला खरं वाटणार नाही. शेजारीण दुपारी येते, गप्पा मारते, माझ्या वाटचं कामही उरकून टाकते. मला आवडत नाही, पण ऐकून घेते.

कटर लवकर पाठव. उगाच दुकानात जाऊन सगळ्यांना अंगठे दाखवत बसू नकोस.

ताई


६ एप्रिल

ताई,

वेणीनं मोजलं! मी पत्र वाचून इतका हसलो की बायकोला सगळी कथा पहिल्यापासून सांगावी लागली. इतकी वर्षं झाली लग्नाला, पण वेणीची गोष्ट तिला ठाऊकच नव्हती. ती म्हणाली, तुम्ही माणसं आहात की कोण आहात?

मला सगळं लख्ख आठवतंय. शेडमध्ये बाबा काहीतरी ठोकत असायचे आणि ओरडायचे, "माप आणा रे!" माप म्हणजे तू. तू भिंतीला, फळीला, चाकाला, जिथे म्हणतील तिथे मान टेकवून उभी राहायचीस आणि मी तुझ्या वेणीचं टोक ताणून धरायचो. मी जरा जास्तच ताणायचो, हे आता सांगायला हरकत नाही. एकदा म्हाताऱ्याच्या चाकाला मान लावलीस आणि ग्रीसनं माखलेला गाल घेऊन तशीच शाळेत गेलीस. आईनं त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. बाबा शांतपणे म्हणाले, "अगं, टेप हरवतो. पोरगी हरवत नाही."

आणि ती महिन्याची छाटणी! तुला स्टुलावर बसवायचे, शेडच्या चौकटीवर ठोकलेल्या त्या दोन खिळ्यांना वेणी लावून बघायचे. मानेशी वरचा खिळा, टोकाशी खालचा. जेवढं खाली उतरलं असेल तेवढं कात्रीनं कट्. अडीच फूट. मापात खोट नको. सगळ्या मुलींच्या आया केस वाढावेत म्हणून तेल चोळायच्या, आणि आपले बाबा केस वाढले म्हणून वैतागायचे. आणि तूही जन्मभर ते पाळलंस. माझ्या लग्नात सगळ्याजणी तुला सांगत होत्या की वेणी वाढव, छान दिसेल, आणि तू म्हणालीस, "मग फाटक कशानं मोजू?" कोणाला काही कळलं नाही. मी आणि बाबा मात्र एकमेकांकडे बघून हसलो.

तर हिशेब सोपा. चाकं दोन वेण्या, म्हणजे पाच फूट. फाटक दोन वेण्या आठ बोटं, म्हणजे साडेपाच. पाच फुटी कटर, हलक्या कामाचं, मागे दगड उडू नयेत म्हणून साखळ्यांचा पडदा असलेलं. चौकट धरून सव्वापाच भरेल, फाटकातून दोन्ही बाजूंना दोनदोन बोटं जागा ठेवून जाईल. म्हाताऱ्याला पाच फुटी थोडं जड जाईल, पण हलकं आहे, सावकाश चालवलंस तर ओढेल. आजच ऑर्डर देतो. बोल्टांची पिशवी बरोबर टाकायला सांगतो.

एक गंमत वाटली. लहानपणीचं सगळं मोठेपणी लहान दिसतं म्हणतात. माझ्या मनात आपलं फाटक साडेचारच्या आसपास होतं. तुझ्या मापानं ते चांगलं फूटभर वाढलं! आणि म्हातारा पण अंगानं सुटला. बाबांनी नंतर रुंद टायर घातले असतील. असो. वेणी खोटं बोलत नाही.

आणि हो, एकटीनं कसं मोजलंस? फाटकाच्या खिळ्याला टोक अडकवून मान मागे मागे नेत गेलीस? त्या वेळी रस्त्यानं कोणी गेलं असेल तर त्याला काय वाटलं असेल!

आता रान काप आणि मला बोलाव. आईनंतर मी आलोच नाही. माझंही वय काही थांबलेलं नाही, ताई. त्या फांदीखाली एकदा तुझ्याशेजारी बसायचंय, एवढंच.

बारक्या


१९ मे

बारक्या,

तुझी मधली दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर द्यायचं राहिलं. शहरात काम होतं, जाऊनयेऊन होते. काळजीचं काही नाही, उगाच पत्रावर पत्र टाकू नकोस.

कटर आलं. आणि अडकलं.

ट्रकवाल्यांनी अंगणात उतरवून दिलं. वेल्डिंगवाल्यानं येऊन म्हाताऱ्याला जोडून दिलं, दांडा बसवला, म्हणाला, "यंत्र झकास, पण ताई, हे जरा मोठं नाही का वाटत?" मी म्हटलं, माझ्या भावानं निवडलंय, गप्प बस. मग मी ऐटीत म्हाताऱ्यावर चढले. चढायला वेळ लागला, पण चढले. फाटकाशी नेलं. म्हातारा आत गेला. कटर बाहेर राहिलं. एका अंगाला टेकवून नेलं तरी दुसऱ्या अंगानं चांगली वीतभर चौकट खांबावर बसली. मागे घेतलं, पुढे घेतलं, खांब हलला, शेजारीण कुंपणाशी येऊन "थांबा, थांबा" ओरडायला लागली. शेवटी तसंच सोडून उतरले. आता म्हातारा रानात आणि कटर अंगणात, आणि फाटक लागत नाही.

आणि चाकांच्या मानानंही ते दोन्ही बाजूंनी बाहेर आलंय.

काय रे हे? जन्मभर दुकानात बसून मापं घेतलीस ना? मी तुला नीट लिहून दिलं होतं. दोन वेण्या. दोन वेण्या आणि आठ बोटं. यात चुकण्यासारखं काय होतं? वेल्डिंगवाला म्हणतो, खांब काढून फाटक रुंद करू. बाबांनी रोवलेला खांब मी काढणार नाही. तूच यातून वाट काढ.

मला खरंच वाटलं होतं की या महिन्यात तुझ्यासाठी वाट मोकळी होईल.

ताई


३० मे

ताई,

आधी रागावलो. आता खरं लिहितो.

तुझं पत्र वाचलं आणि माझा इतका अपमान झाला की जेवण गेलं नाही. मी? माप चुकलो? दुकानात आयुष्य गेलं, केसभर इकडेतिकडे झालं नाही, आणि चुकलो तर बहिणीच्या फाटकात? कागद पेन्सिल घेऊन बसलो. म्हटलं, कोण चुकलं ते शोधून काढतोच.

कटर वीतभर अडकलं, म्हणजे फाटक साडेपाच नाही, साडेचार आहे. मला आठवत होतं तेवढंच. चाकं पाच नाहीत, चार आहेत. तीही आठवत होती तेवढीच. पण तू म्हणतेस दोनदा मोजलं, आणि तू मोजलंस म्हणजे बरोबरच मोजलंस. मग दोन वेण्या म्हणजे चार फूट कधी होतात? वेणी दोन फुटांची असेल तरच.

वेणी आठ बोटं कमी कशी झाली?

टोकाकडून नाही. टोक तू छाटतेस, पण खालच्या खिळ्याला लावून. तुझा हात चुकायचा नाही. कमी झाली असेल तर वरून झाली. आणि वेणी वरून कमी होत नाही, ताई. वरची आठ बोटं तर डोक्यावरच असतात.

मग मी तुझी जुनी पत्रं पुन्हा काढली. "धरायला कोणी लागलं नाही, टोक खिळ्याला अडकवलं आणि मोजलं." मी त्यावर विनोद केला होता. गाढव आहे मी. "मलाही सध्या हलकंच काम चालतं." "दुसरी कामं निघाली." "शहरात काम होतं, जाऊनयेऊन." आणि फोन करू नकोस.

बायकोला दाखवलं. तिनं ते खिळ्याचं एकच वाक्य वाचलं आणि डोळ्याला पदर लावला.

शेडच्या चौकटीवर बाबांचे ते दोन खिळे असतील. वेणी घे. खालच्या खिळ्याला टोक लाव. वरच्या खिळ्यापर्यंत पोचते का, तेवढं मला लिही. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

केसानं गळा कापणं म्हणतात, ते इतकं शब्दशः माझ्या वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं.

तुझा बारक्या


९ जून

बारक्या,

नाही पोचली. आठ बोटं कमी.

खिळ्यांपाशी उभी राहिले तेव्हा माझं मलाच हसू आलं. इतका बंदोबस्त केला. शेजारणीला शपथ घातली, पोस्टमनला सांगून ठेवलं, फोनचा आवाज बंद केला, आणि पकडली गेले ती कशानं, तर बाबांच्या मापानं! मला वाटलं, वेणी ती वेणी. कापणाऱ्या नर्सनं वर रबर बांधून त्याच्या खाली कात्री चालवली. वरची आठ बोटं डोक्यावर राहिली आणि नंतर आठवडाभरात उशीवर गळून गेली. मापात ती धरायची असतात, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

गाठ होती. छातीत. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी कळलं. काढली, मग ती औषधं घेतली, सगळं झालं. मे महिन्यात गेले होते ते तपासणीला. डॉक्टर म्हणाले, सध्या साफ आहे, दर काही महिन्यांनी येऊन दाखवा, आणि हलकी कामं सुरू करा. मी विचारलं, ट्रॅक्टर चालवणं हलकं का? त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "किती वेळ?" म्हटलं, थकेपर्यंत. म्हणाले, "त्याच्या आधीपर्यंत चालवा."

तुला का नाही सांगितलं? तू मला सांग, माझं बोट विळ्यानं कापलं होतं तेव्हा काय झालं? मी रक्त धरून उभी, आणि तू धाडकन जमिनीवर. आई, बाबा, शेजारपाजार, सगळे तुझ्या तोंडावर पाणी मारत होते. माझ्या बोटाला शेवटी मीच फडकं बांधलं. या वेळी मला माझं फडकं बांधायला दोन्ही हात मोकळे हवे होते. तुला उचलायला हात नव्हते, बारक्या.

आणि दुसरं असं की तुझ्या पत्रांत मी पहिल्यासारखी होते. बाकी सगळीकडे लोक माझ्या डोक्यावरच्या रुमालाकडे बघून हळू आवाजात बोलायचे. तुझ्या पत्रात मात्र मी फाटकाला मान लावून उभी, आणि तू हसतोयस. ते मला फार हवं होतं. ते पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलंय.

टेप हरवला होता हे खोटं नाही. पण शोधलाही नव्हता. वेणी पेटीत पडून होती. वाटलं, हिला काहीतरी काम द्यावं.

आता केस येतायत. अर्ध्या पेराएवढे, करडे आणि उभे. आरशात बघितलं की कापायला झालेलं रान दिसतं. शेजारीण म्हणाली, छान मऊ आहेत. मी म्हटलं, हलक्या कामाचं कटर पुरेल.

रान तसंच आहे. तुला बोलवायला तोंड नाही. वाट मोकळी करून तुला बोलावीन म्हणाले होते. ती काही झाली नाही.

ताई


१४ जून

ताई,

वाट मोकळी व्हायची वाट मी बघत नाही. निघालोय. हे पत्र पोचेल त्याच्या आगेमागे मीच पोचेन.

पाच फुटी परत घ्यायला दुकान तयार आहे. चार फुटी ट्रकमध्ये चढवलंय, आणि मी ट्रकवाल्याच्या शेजारी बसून येतोय. त्याला आधीच अंगठा दाखवून झालाय.

एक ऐकून ठेव. मी तुला लिहिलं होतं, कच्चा बोल्ट तुटला की तुटू द्यायचा, त्या जागी पक्का ठोकू नकोस. मला खात्री होती की तू ठोकणार. तू तर जन्मभर तेच करत आलीस. आई गेली तेव्हा सगळे रडले, आणि तू चहा करत होतीस. या वेळी ते नको. मी आलो की एकदा नीट रड. मी पडणार नाही. आणि पडलोच, तर गवत कमरेएवढं आहे, लागणार नाही.

फाटकापाशी उभी राहा.

बारक्या


२० नोव्हेंबर

बारक्या,

अनेक आशीर्वाद. पोचल्याचं तुझं पत्र कधीच मिळालं, उत्तराला उशीर झाला. पण या वेळी खरंच कामं होती, खोटी नाहीत. परवाच्या तपासणीतही साफ आहे. आधी हे सांगितलं, म्हणजे तू पुढचं नीट वाचशील.

तू आलास तेव्हापासून रान दोनदा कापलं. पहिल्या खेपेला तू फाटकाशी उभा राहून हात हलवत होतास, "सावकाश, सावकाश," आणि मी तुला "दगड उडतील, मागे हो" ओरडत होते. शेजारणीला वाटलं, आपण भांडतोय. तू गेल्यावर मला ते फार सुनं वाटलं. म्हाताऱ्याच्या आवाजात कोणीतरी ओरडायला हवं असतं. कटर चाकांबरोबर जातं, तिळमात्र गवत राहत नाही. बोल्ट एकच तुटला, तुतीजवळच्या त्या जुन्या बुंध्यावर. मी खाली उतरले, पाणी प्याले, नवा बसवला. कच्चाच.

तो दुसरा बोल्ट, तू फाटकातून आत आलास तेव्हा तुटला, तो धरत नाही. तू शब्दाला जागलास, पडला नाहीस. कटरच्या पेटीवर बसलास ते मी कोणाला सांगणार नाही. तुझ्या खांद्यावर इतकं रडले की ट्रकवाला बिचारा इंजिन बंद करून टोपी काढून उभा राहिला. त्याला वाटलं असेल, घरात कोणी गेलं. कोणी गेलं नव्हतं रे. उलट होतं सगळं.

तुती आता मोकळी उभी आहे. पायवाट परत उमटलीय, आपल्या दोघांच्या जाण्यायेण्यानंच. तुला खालची फांदी छोटी वाटली, मला कळलं. बसलास मात्र तिच्यावरच, आणि ती कुरकुरली तेव्हा "आई गं" म्हणत उठलास. किती हसलो आपण! मी त्या फांदीखाली रोज संध्याकाळी चहा घेऊन जाते. तुझा तो कान तुटलेला कप पण नेते. रिकामा. कोणी विचारलं तर सांगीन, भाऊ यायचाय.

आता एक तक्रार. तू टेबलावर मुद्दाम टेप विसरून गेलास. नवा कोरा, दुकानाच्या पिशवीतला. मला कळत नाही असं समजू नकोस. तो पार्सलनं परत पाठवतेय. या घरात टेप टिकत नाही, आणि लागतही नाही.

माप परत तयार होतंय. काल स्टूल घेऊन शेडच्या चौकटीपाशी बसले. वरच्या खिळ्याला मान लावली, तर खालचा खिळा अजून फार लांब आहे. लांब असू दे. शेजारणीला म्हटलं, घाल वेणी. ती म्हणाली, "अहो, एवढ्याशा केसांची कुठे वेणी होते?" म्हटलं, तू घाल तर खरी. घातली तिनं. उंदराच्या शेपटीएवढी झाली, पण तीन पेड आहेत. मोजली. चार बोटं.

मग काहीतरी मोजायला हवं म्हणून घरभर बघितलं. समोर तुझा कप होता. टेबलावर गाल टेकवला, मान कपाला लावली, आणि शेजारणीला टोक धरायला सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही माणसं आहात की कोण आहात?

लिहून ठेव, पुढे कामाला येईल. कपाची उंची बरोबर एक वेणी.

ताई